स्केल नसलेलं शहर

होडी सुटून वीसेक मिनिटं झाली होती. नावाड्यानं पाण्यातल्या एका ओंडक्याकडे बोट दाखवलं, ओंडक्यानं एक डोळा उघडला, आणि होडीतले सगळे जण कॅमेरे काढायला वाकले. मीही वाकलो. पिशवीत हात घातला तर रेनकोट लागला, डासांचं मलम लागलं, फॉइलमध्ये गुंडाळलेले मेथीचे पराठे लागले. टेप लागली नाही.

मग ती मला लख्ख दिसली. हॉटेलच्या खोलीत, टीव्हीच्या डोक्यावर, चामड्याच्या गोल डबीत. सकाळी विसरायला नको म्हणून आदल्या संध्याकाळी मीच ती तिथे समोर काढून ठेवली होती.

ही नदी होती बेलीझ नावाच्या देशात. हा देश नकाशावर मेक्सिकोच्या काखेत असतो. नदीच्या वरच्या अंगाला, दीड-दोन तासांवर, माया लोकांचं एक उजाड शहर आहे. सकाळी होडीनं जायचं, देवळं बघायची, दुपारी परत यायचं, अशी एका दिवसाची सहल. लोक तिथे गंमत म्हणून जातात. आम्ही गेलो होतो तिथल्या सगळ्यात मोठ्या देवळाची पहिली पायरी टेपनं मोजायला.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"कुठं काय," मी म्हणालो.

लग्नाला नऊ वर्षं झालेल्या बाईला ह्या दोन शब्दांचा अर्थ बरोबर कळतो. तिनं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बराच वेळ मगरीकडे. मगरीबद्दल तिचं मत जास्त बरं झालं असावं.

"काकांना काय सांगणार आता?" ती म्हणाली.

काका म्हणजे आमचे कर्वेनगरचे घरमालक. नात्याचे कोणी नव्हेत. खाली ते एकटे राहायचे, वर आम्ही दोघं भाडेकरू. काकू आम्ही राहायला जायच्या आधीच गेल्या होत्या, मुलगी लग्न होऊन नागपूरला होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षं नोकरी करून ते रिटायर झाले होते. मूळचे भंडाऱ्याकडचे. वडिलांनी नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा काका शाळकरी होते आणि वडिलांबरोबर गेले होते. त्या दिवसाचं त्यांना सगळ्यात स्पष्ट काय आठवायचं, तर मैदान केवढं होतं ते. पावलांनी मोजायला घेतलं होतं म्हणे. गर्दीमुळे एकच बाजू मोजून झाली, ह्याची रुखरुख त्यांना साठीनंतरही होती.

पुण्यात चाळीस वर्षं काढल्यामुळे त्यांची भाषा छापील झाली होती. फार खूश झाले किंवा फार चिडले तरच भंडारा बाहेर यायचा. दोन्ही प्रसंग क्वचित यायचे.

घर दाखवून झाल्यावर बाकीचे घरमालक काय काय विचारतात ते सगळ्यांना माहीत आहे. काकांनी काहीच विचारलं नाही. किल्लीबरोबर एक पाकीट दिलं. त्यात वरच्या मजल्याचा नकाशा होता, जिन्यासकट, आणि पुठ्ठ्याचे बारीक बारीक तुकडे होते. पलंग, कपाट, टेबल, फ्रिज. सगळे नकाशाच्या मापात कापलेले. "टेम्पो बोलवायच्या आधी हे कागदावर लावून बघा," ते म्हणाले.

मी तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये नवा नवा शिरलेलो होतो. आपल्यामुळे देश पुढे चालला आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पुठ्ठ्याची भातुकली खेळायला मला वेळ कुठला? पाकीट खिशात घातलं आणि टेम्पो बोलावला. बायकोच्या माहेरचं लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं आणि दीड दिवस तिथेच राहिलं. वर जाईना, खाली येईना. आम्ही त्याच्या पायांखालून रांगत घरात जात होतो. दुसऱ्या दिवशी काका आले. माझ्याकडून पाकीट मागून घेतलं, जिन्यातच नकाशा पसरला आणि कपाटाचा पुठ्ठा बोटानं हळूहळू सरकवत वर नेला. बरोबर त्याच वळणावर पुठ्ठ्याचा कोपरा भिंतीच्या रेघेला टेकला.

"कागदावर अडकतं ते जिन्यातही अडकतं," ते म्हणाले, आणि खाली जाऊन दार लावून घेतलं.

हे वाक्य पुढे बायकोनं माझ्यावर इतक्या वेळा वापरलं आहे की आता ते तिचंच वाटतं.

त्या दिवसांत पुण्यात सगळेच जरा मोठ्यानं बोलू लागले होते. ज्याच्या त्याच्या मुलाला अमेरिकेचा व्हिसा मिळत होता, ज्याचा त्याचा मेहुणा हिंजवडीला जमीन घेऊन बसला होता. काका सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच शब्द विचारायचे. "स्केल?" समोरच्या बंगल्यातले गृहस्थ एकदा फाटकाशी उभे राहून सांगत होते की आमच्या चिरंजीवांनी तिकडे प्रचंड घर घेतलं. काका म्हणाले, "प्रचंड म्हणजे कशाच्या शेजारी ठेवून?" ते गृहस्थ नंतर आठ दिवस पलीकडच्या रस्त्यानं फिरायला जात होते.

मीही सुटलो नाही. ऑफिसच्या एका सादरीकरणाचा कागद मी घरी आणला होता, त्यावर आमच्या कंपनीची प्रगती दाखवणारी एक ऐटदार रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेली होती. काकांनी चष्मा लावून ती पाहिली. "आकडे कुठे आहेत? खाली काय, डावीकडे काय?"

मी म्हणालो, आकड्यांना तसं महत्त्व नाही, वर चाललंय एवढंच दाखवायचं आहे.

"मग बाण काढा," ते म्हणाले.

त्यांचा हा आजार कुठून आला ते त्यांनीच एकदा सांगितलं. कारखान्यात नकाशे यायचे ते तुकड्यांचे. एक स्क्रू, एक झडप, एक नळीचं तोंड. पूर्ण वस्तू एकाच माणसाला कळू नये अशी तिथली पद्धत. चौतीस वर्षांत काकांनी हजारो भाग काढले, पण ते भाग जोडून काय होतं ते त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. हातात राहायचे फक्त भाग आणि कोपऱ्यातल्या चौकटीतली स्केल. कागदावर बोटाएवढं दिसतंय ते खरं केवढं आहे, हे तरी तिच्यावरून कळायचं. "अख्खी वस्तू दिसत नसेल तर निदान माप तरी पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर माणूस वेडा होईल."

आणि मग त्यांना अख्खं शहर मिळालं, तेही बिनमापाचं.

कसबा पेठेत त्यांचा एक बाईंडर होता. काका आपले कागद त्याच्याकडून बांधून घ्यायचे. एकदा त्याच्या दुकानात पुठ्ठ्याखाली भरायला कापून ठेवलेल्या जुन्या परदेशी मासिकांची पानं पडली होती. त्यातल्या एका पानावर नदीकाठच्या ह्या माया शहराचा नकाशा होता. देवळं, चौक, चेंडू खेळायचं अंगण, नदीकडे उतरणारी वाट, सगळं रेघेत. काका म्हणायचे, असं काम पुन्हा पाहिलं नाही. फक्त पानाची खालची कड बाईंडरच्या सुरीनं गेली होती आणि स्केल नेमकी त्या कडेवर होती. शेजारच्या पानावर उरलेल्या मजकुरातून शहराचं नाव आणि देश कळत होता. नावाचा अर्थ म्हणे 'बुडालेली मगर'. मापाबद्दल एक अक्षर नाही.

काकांनी दुकानातली कातरणाची पोती उपसली. मिळालं नाही. त्यानंतर तीस वर्षं ते कसब्यात गेले की त्या बाईंडरपुढे जाऊन नुसते उभे राहायचे. एकदा मी बरोबर होतो. बाईंडर आता म्हातारा झालेला, खळ लावता लावता मान वर न करता म्हणाला, "काका, दोन दोऱ्यांची, पाव इंचाची पट्टी गेली हो. माणसं माफ होतात एवढ्या वर्षांत."

"माणसांना स्केल नसते," काका म्हणाले.

तो नकाशा त्यांनी मोठ्या ट्रेसिंग कागदावर पुन्हा काढला होता. संध्याकाळी कामावरून येऊन, रविवारी, रजेच्या दिवशी. एकेक देऊळ, एकेक झाड, नदीची एकेक नागमोडी. मला नकाशातलं काही कळत नाही, पण तो कागद उलगडला की मी आणि बायको हातातलं काम सोडून बघायला लागायचो. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आखलेली होती. तिच्यात शहराचं नाव, काढणाऱ्याचं नाव, आणि त्याखाली 'स्केल'. त्यापुढे कोरी जागा.

विहारातले त्यांचे मित्र म्हणायचे, अहो आपली लेणी काय कमी आहेत, हे कुठलं परक्याचं घेऊन बसलात? काका म्हणायचे, लेण्यांचे नकाशे झालेत, स्केलसकट. ह्याचं कोणी नाही.

मी एकदा हुशारी करायला गेलो. तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर इंटरनेटची दुकानं निघाली होती. मी तासभर बसून त्या देवळाची माहिती छापून आणली. दोन पानं होती. दोन्हींवर उंची दिलेली, दोन्ही वेगळ्या, आणि दोन्ही गोल आकड्यात. काकांनी विचारलं, "मोजलं कोणी?" मला सांगता येईना. ते म्हणाले, "उंची लोक फुगवून सांगतात. पहिली पायरी कोणी फुगवत नाही. मला खालच्या पायरीची लांबी पाहिजे, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओळखीच्या माणसानं मोजलेली. एवढं एक माप मिळालं की सगळं शहर मापात येतं."

त्याच सुमारास त्यांचा उजवा अंगठा थरथरू लागला. आधी कपबशी वाजायची, मग वर्तमानपत्र. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. काका जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर रोज सकाळी आकडे गिरवायला बसू लागले, शून्य ते नऊ. "हात दोन वर्षं टिकेल म्हणतात," ते मला म्हणाले. "मी दीड धरतो. स्केल लिहिण्यापुरता पुरे."

आणि मला अमेरिकेला पाठवायचं ठरलं. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार अशी तेव्हा धास्ती होती, आणि त्या धास्तीवर माझ्यासारख्यांची घरं चालत होती. टेक्सासला वर्ष-सव्वा वर्ष. ही बातमी मी काकांना आनंदानं सांगितली. ते आत गेले, शाळेतला जुना ॲटलास घेऊन आले आणि टेक्सासपासून बेलीझपर्यंत पट्टी ठेवली.

"जवळच आहे," ते म्हणाले.

माझं प्रशिक्षण सुरू झालं. टेप कशी धरायची, किती ताणायची, मध्ये झोळ कसा पडू द्यायचा नाही. तीन वेळा मोजायचं, तिन्ही आकडे लिहायचे. रंगीत तालीम कसब्यात झाली, एका जुन्या दगडी देवळाच्या खालच्या पायरीवर. काकांनी कडीचं टोक माझ्या हातात दिलं, मला पुढे पाठवलं आणि स्वतः डबी धरून गल्लीतच उभे राहिले. तिथूनच सांगत होते, डावीकडे घ्या, अजून डावीकडे. टेप दिसल्यावर पुणेकर घराबाहेर येतो. पाच मिनिटांत दहा माणसं जमली. रस्तारुंदी का? कुठल्या बाजूनं घेणार? एक आजोबा तर म्हणाले, आमच्याकडे कोर्टाची स्थगिती आहे, आधीच सांगून ठेवतो. काकांनी सगळ्यांना गंभीरपणे सांगितलं की हे काम अमेरिकेतलं आहे.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, काकांचे गुडघे दुखतात वाटतं, पायरीपर्यंत आलेच नाहीत.

"गुडघे?" ती म्हणाली. "आपला जिना दिवसातून चार वेळा चढतात ते."

निघायच्या दिवशी त्यांनी टेप दिली. शंभर फुटी, कापडी, पितळी कडीची, त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची. देताना म्हणाले, "आमच्या गावच्या देवळाला नऊ पायऱ्या आहेत. चिंचेखालून मोजल्या होत्या मी. चिंचेच्या पुढे आमच्या लोकांनी जायचं नाही असं होतं. तेव्हा नऊ असतील, नसतीलही." मग डबी माझ्या हातात दाबून, "तिथं पायरीपर्यंत जाऊ देतात का, तेवढं बघा."

मला वाटलं, तिकिटाबद्दल विचारतायत. मी म्हणालो, तिकीट असेल ते काढू की काका.

तर ती टेप टीव्हीवर होती आणि आम्ही नदीत होतो. होडी परत फिरणं शक्य नव्हतं, बाकीची चौदा माणसं एका पायरीसाठी आलेली नव्हती. हॉटेलातून पुन्हा येणंही शक्य नव्हतं, कारण नोव्हेंबरातल्या चार दिवसांच्या सुटीतला हा तिसरा दिवस होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं.

देऊळ झाडीतून एकदम समोर आलं. मी ते वर्षानुवर्षं वरून, कागदावर, तळहाताएवढं पाहिलेलं होतं. आता मान मागे टाकून बघावं लागलं. मी बघत उभा राहिलो, आणि सगळ्यात आधी माझ्या तोंडून काय निघालं असेल तर, "बापरे, प्रचंड आहे."

"कशाच्या शेजारी ठेवून?" बायको म्हणाली, आणि तिनं खांद्यावरची ओढणी काढली. "हं. धरा तिकडून."

सुती ओढणी, निळ्यावर पांढरी बुट्टी. नदीच्या तुषारांनी आणि घामानं दमट झालेली. तिनं एक टोक पायरीच्या डाव्या कडेला दाबून धरलं, मी दुसरं ताणून पुढे. जिथे संपली तिथे खडा ठेवायचा, तिनं खड्यापाशी यायचं, मी पुढे जायचं. एक. दोन. तीन. अमेरिकन मंडळी वर चढायची थांबून बघायला लागली. आमच्या वाटाड्याला कोणी तरी विचारलं की हे काय चाललंय. तो तिथल्याच गावचा, बुटका, हसरा माणूस. त्यानं क्षणभर विचार केला आणि सांगितलं की भारतातून आलेले लोक देवळाला असं वस्त्र दाखवतात, ती त्यांची पूजा आहे. मग दोन-तीन जणांनी टोप्या काढल्या. आम्ही पूजा पुढे चालू ठेवली.

सातव्या की आठव्या खेपेला डोक्यावरच्या झाडात वाघानं डरकाळी फोडली. निदान आम्हाला तसं वाटलं. बायकोनं ओढणी सोडली, मी खड्यासकट पायरीखाली उतरलो. वाटाड्या हसत म्हणाला, माकडं आहेत, इथली माकडं अशीच ओरडतात. खड्याची जागा दगडावरच्या ओल्या डागावरून सापडली. पण ती सातवी जागा की आठवी, ह्यावर आमचं एकमत झालं नाही. मी म्हणालो सात, ती म्हणाली आठ. शेवटी माझ्या हिशेबानं पायरी अकरा ओढण्या आणि एक वीत भरली, तिच्या हिशेबानं बारा ओढण्या आणि एक वीत. पुन्हा मोजू म्हणेपर्यंत वाटाड्यानं शिट्टी वाजवली, कारण अजून दोन देवळं आणि जेवण बाकी होतं. बायकोनं जेवणाच्या रांगेत उभं राहायला नकार दिला. त्याच पायरीवर बसून आम्ही पराठे खाल्ले, आणि ते संपतात तोच होडीकडे चला म्हणून दुसरी शिट्टी झाली.

हॉटेलवर गेल्या गेल्या मी टेप घेतली आणि ओढणी मोजली. सात फूट चार इंच. गुणाकार केला, वीत मिळवली. एक्क्याऐंशी फूट पाच इंच. वहीत लिहिणार तोच बायको म्हणाली, "ओढणीनं मोजलं असं लिहा. आणि अकरा की बारा तेही लिहा."

ज्या माणसानं मला झोळ पडू न देता टेप धरायला शिकवलं होतं, त्याला मी ओढणी आणि माकडं कुठल्या तोंडानं सांगणार होतो? शिवाय त्याला तीन आकडे हवे होते. आठवड्याच्या आठवड्याला कामाच्या तासांची टाइमशीट भरणाऱ्या माणसाला तीन आकडे तयार करायला असा कितीसा वेळ लागतो. एक्क्याऐंशी फूट पाच इंच. एक्क्याऐंशी फूट साडेपाच. एक्क्याऐंशी फूट साडेचार. अगदी खरे वाटत होते. बायकोनं वही बघितली. ओढणी धुवायला घेऊन गेली.

टेक्सासहून परत यायला एकूण चौदा महिने लागले. फोनवर काकांनी आकडे एकदाही विचारले नाहीत. कागदावर बघीन म्हणायचे. आम्ही आलो त्या संध्याकाळी ते टेबल मोकळं करून बसले होते. नकाशा पसरलेला, शाई, पेन, पट्टी. उजवा हात त्यांनी डाव्यानं मांडीवर धरून ठेवला होता. मी टेप परत दिली आणि वहीचं पान समोर ठेवलं.

त्यांनी पहिल्यांदा पान बघितलंच नाही. म्हणाले, "पायरीपर्यंत जाऊ दिलं?"

मी तिकिटाचं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बायको म्हणाली, "कोणी अडवलं नाही, काका. कोण, कुठले, काही विचारलं नाही. मी तर बसले त्या पायरीवर. आम्ही तिथे जेवलो."

"बसलात?"

"हो. पराठे होते."

काका नकाशातल्या त्या पायरीच्या रेघेवर वाकले. आणि मला, गुडघे आणि तिकीट म्हणणाऱ्या मला, तेव्हा कुठे कसब्यातली गल्ली आठवली.

मग त्यांनी पान वाचलं. एकदा, दोनदा.

"भाऊ," ते म्हणाले, "हे तिघं सख्खे भाऊ दिसतात."

मी म्हणालो, म्हणजे?

"खरं मोजलं की आकडे भांडतात. उन्हात, उभ्यानं, दगडावर मोजलेले आकडे एवढ्या गोडीनं राहत नाहीत. हे टेबलावर मोजलेत."

पेन शाईत बुडवायला त्यांनी उचललं होतं, ते खाली ठेवलं. हात सुटला आणि टेबल बारीक वाजू लागलं. मला वाटलं, चौदा महिने हा माणूस हात सांभाळून बसला आणि मी त्याला टाइमशीट आणून दिली. बायको बोलली. टेप टीव्हीवर राहिली इथपासून सगळं सांगितलं. ओढणी, खडे, टोप्या काढणारे अमेरिकन, माकडं. माझी बाजू सावरून घ्यायचा तिनं जराही प्रयत्न केला नाही. शेवटी म्हणाली, "हे म्हणतात अकरा. मी म्हणते बारा. तेव्हापासून भांडतोय आम्ही."

काकांनी मान वर केली.

"अजून?"

"अजून."

आणि काका हसले. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. "बाप्पा," ते म्हणाले, "आता कशी मोजणी वाटून राहिली!"

त्यांनी ओढणी आणायला सांगितली. बायकोनं वरून आणून दिली. त्यांनी टेप काढली, तिनं दुसरं टोक धरलं. सात फूट दोन भरली. "धुण्यात आटली," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "त्या संध्याकाळी किती भरली होती? ते तरी खरं आहे का?"

"सात चार. ते खरं आहे."

"ठीक. म्हणजे तुम्हाला मोजता येतं."

मला वाटलं आता गुणाकार करतील. त्यांनी केला नाही. म्हणाले, ज्यानं मोजलं तेच लिहायचं, ह्या कागदावर पायरी फुटांत येणार नाही. मी मदतीला पट्टी धरू का विचारलं, तर त्यांनी ती बायकोच्या हातात दिली. तिनं पट्टी दाबून धरली आणि त्यांनी चौकटीखाली एक रेघ आखली, तिच्याखाली दुसरी, जराशी आखूड. दोन्हींवर ओढण्यांच्या खुणा. वरच्या रेघेपुढे लिहिलं 'अकरा धरून', खालच्या रेघेपुढे 'बारा धरून'. कोऱ्या जागेत 'ओढणी, सुती, ७ फूट ४ इंच (ओली)'. सगळ्या कागदावर एक रेघ हललेली नाही. फक्त त्या एका कोपऱ्यात अक्षरं थरथरलेली आहेत. एवढं लिहायला त्यांना अर्धा तास लागला.

"तीस वर्षं एक नव्हती," पेन पुसत ते म्हणाले. "आता दोन आहेत."

पुढे चार वर्षांनी काका गेले. मुलीनं तो नकाशा आम्हाला दिला. आता आमच्या दिवाणखान्यात आहे. येणारा पाहुणा आधी शहर बघतो, मग कोपरा वाचतो, आणि मग आमच्याकडे बघतो. मी सांगायला सुरुवात करतो, आणि टेप कुठे राहिली हे सांगायची वेळ आली की बायको स्वयंपाकघरातून बाहेर येते.

त्या संध्याकाळी आम्ही काकांकडून निघालो, तेव्हा आपली एवढी लाज झाकली गेली ह्या आनंदात मी होतो. जिना चढताना बायकोला म्हणालोही, की बघ, शेवटी काकांनी दोघांचंही खरं धरलं. ती ओढणीची घडी घालत पुढे चालली होती. कपाट अडकलं होतं त्या वळणावर थांबली.

"बाराच होत्या," ती म्हणाली.